गुरुजी म्हणले, फक्त पुसत जा

...न्हाई हो, प्लग न्हाई! जो भेटतो तो पहिलं प्लगच म्हणतो. प्लग तीनदा बदलला, तुम्हाला सांगतो, तीनदा! कार्बोरेटर असा धुऊन काढला की त्याच्यात चहा प्यावा. एअर फिल्टर नवा, पेट्रोलची नळी नवी, क्लचप्लेट नवी... आता क्लचप्लेटचा काय संबंध, मलाबी ठाऊक न्हाई, पण बदलली! अन् एवढं सगळं करून शेवटाला काय निघालं? काहीच न्हाई. तुम्हाला सांगतो, गाडीत काही नव्हतं हो!

अन् त्या गाडीपायी मी चारचौघात लबाड कोणाला म्हणलो? काकासाहेब गुरुजींना! आता ऐका, सांगितल्याबिगर मला ऱ्हावत न्हाई. फक्त एक करा, आमच्या नंदाला, म्हणजे आमच्या मंडळीला, यातलं अवाक्षर कळू देऊ नका. का, ते कळंल पुढं.

गुरुजी म्हणजे आमच्या शाळेचे हेडमास्तर. मी धाव्वीला गणितात असा आपटलो की बापानं सरळ गोठ्याकडं बोट दाखवलं. तवा ह्याच गुरुजींनी ह्याच गाडीवर मला मागं बसवून जालन्याला एमआयडीसीत नेलं, बियाण्याच्या प्लांटवर सायबापुढं उभं केलं अन् म्हणले, "पोरगं गणितात कच्चं हाये, पण लबाड न्हाई." त्या एका वाक्यावर मी बावीस वर्षं भाकर खाऊन राह्यलो.

मंग गुरुजींना मोतीबिंदू झाला. गाडी झेपंना. इतके लोक विकत मागत होते, पण विकली मला. देताना टाकीवरून असा हात फिरवला, जशी काय लेक नांदायला चालली. अन् म्हणले, "अंगद, हिला फार काही करत बसू नको. फक्त पुसत जा." मी मनात म्हणलो, झालं! म्हातारपण बोलून राह्यलं. गाडी काय पुसल्यानं चालती का?

गाडी दारात आली. नंदानं ताट आणलं, ओवाळलं. आता आमच्या नंदाचं एक शास्त्र हाये, कोणत्या पोथीत न्हाई सापडणार. म्हणती कशी, "पोळ्याला बैलाला पुरणपोळी कुठं देतो आपण? तोंडात ना? मंग गाडीचं तोंड कुठं? जिथून पिती तिथं!" अन् पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर हळद, हळदीवर कुंकू, कुंकवावर तेलाचं बोट अन् त्याच्यावर गुळाचा खडा, असा अंगठ्यानं दाबून. दर शुक्रवारी! मी उभा ऱ्हाऊन कौतुकानं बघायचो. गावात कोणाच्या गाडीचं एवढं होतंय?

पहिले दोन हप्ते गाडी अशी चालली, पाण्यावानी. तिसऱ्या हप्त्यात ढाब्यापाशी, लिंबाच्या झाडाखाली... गुर्र... गुर्र... खट्! बंद. किका मारल्या, किका मारल्या, उजवी पोटरी डावीच्या दुप्पट झाली. अन् रस्त्यात गाडी बंद पडली की माणसं कुठून येतात हो? एरवी हाक मारली तर थांबत न्हाईत! एक आला, "चोक द्या, चोक!" दिला. दुसरा आला, "चोक कशाला देता? पेट्रोल जास्ती होऊन ओव्हर झाली ती!" काढला. तिसऱ्यानं तर गाडी न बघताच निकाल दिला, "आडवी पाडा!" पाडली. "आता उभी करा." केली. "झाली चालू?" न्हाई! "मंग इंजिनचं काम हाये," म्हणला अन् आपल्या गाडीला एकाच बटणात चालू करून गेला निघून. मी बसलो लिंबाखाली. पंधरा-वीस मिनिटं गेली, उगं आपली एक किक मारली, तर चालू! म्हणजे आपल्यालाच येडं ठरवायचं!

मंग रोजचंच झालं. घरून निघालं की सात-आठ किलोमीटर फस्क्लास, अन् लिंब आलं की खट्. प्लांटच्या गेटवर राधेश्याम असतो, आमचा सुपरवायझर. रोज विचारायचा, "अंगदराव, आज बसून आले का ढकलत आले?"

नेली बबलू मिस्त्रीकडं. बबलूची रीत अशी की गाडी आली की पहिलं टाकीचं झाकण उघडायचं, गाडी हलवायची अन् कान लावून पेट्रोल ऐकायचं. झाकण उघडलं की आतून फुस्सऽऽ! मी म्हणलो, "हे काय रे?" तर म्हणतो, "कुछ नहीं भौ, गॅस हाये." गॅस! गाडीला! झाकण लावलं, अर्धी किक मारली, चालू! चक्कर मारून आला, "भौ, गाडी तर मक्खन हाये!" मी म्हणलो, "अरे, रोज बंद पडती!" "मंग प्लग बदलू." बदलला. आठ किलोमीटर, लिंब, खट्! परत नेली. झाकण, फुस्सऽऽ, अर्धी किक, मक्खन! "मंग कार्बोरेटर धुऊ." मिस्त्रीच्या बुडाखाली चालू अन् माझ्या बुडाखाली बंद, आता ह्याला काय म्हणावं? ते फुस्सऽऽ ओरडून ओरडून सांगून राह्यलं होतं हो, पण ऐकतंय कोण! गाडीत काही नव्हतं!

इकडं नंदाचा जीव खालीवर. "नजर लागली हो तिला! लोक बघत्यात ना!" झालं, शुक्रवारचं होतं ते मंगळवारीबी सुरू. गाडी एकदा बंद पडली की गूळ वाढायचा, दोनदा बंद पडली की तेल वाढायचं. झाकणावर असा थर चढला, वाळून खडक! चावीपुरती जागा तेवढी मोकळी ठेवायची बिचारी, बोटानं कोरून. उपास धरला तिनं त्या गाडीसाठी. माझ्यासाठी कधी धरला न्हाई.

अन् स्टँडवर चहावाला संपत. तो एक दिवस गिलास विसळता विसळता हळूच म्हणला, "अंगद, गुरुजींनी तुला बराबर चिकटवली बघ." एवढंच. किडा गेला डोक्यात. मंग रात्रंदिवस तेच. आधीच म्हाईत असंल त्यांना... म्हणून तर इतकी माणसं सोडून मला दिली... गणितात कच्चा म्हणून!

मंग आला तो दिवस. आमच्या वंदनाचा धाव्वीचा पहिला पेपर. सेंटर बारा किलोमीटरवर. पोरगी मागं बसलेली, प्याड छातीशी धरून. अन् लिंबापाशी... खट्! किक मारतोय, किक मारतोय. वंदना म्हणती, "पप्पा, साडेदहा झाले." किक मारतोय. "पप्पा, पावणेअकरा झाले." रडायला लागली हो पोरगी! शेवटी एका ट्रॅक्टरवाल्याच्या पायावर डोकं ठेवायचं तेवढं बाकी ठेवलं, अन् ती उसाच्या ट्रॉलीपुढं बसून गेली पेपरला. कशीबशी पोचली, बसू दिलं.

पण मी? मी ती गाडी आठ किलोमीटर उन्हात ढकलत आणली, थेट स्टँडवर. गुरुजी तिथं बाकड्यावर बसलेले, धा-पंधरा माणसं. मी गाडी त्यांच्या पुढ्यात लावली अन् ओरडलो, "गुरुजी, घ्या तुमची गाडी! शाळेत आम्हाला खरं बोला म्हणायचे, अन् स्वतः असा लबाडपणा!"

गुरुजी उठले. जवळ आले, झाकणावर वाकले, डोळ्यानं दिसत न्हाई ना नीट, अंगठ्याचं नख घासलं त्याच्यावर, नखाचा वास घेतला. तेवढ्यात वंदनाचं कळून नंदा पळत आल्ती, पदर तोंडाला लावून उभी. गुरुजींनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. म्हणले, "ठीक हाये अंगद. राहू दे गाडी इथं." दुसऱ्या दिवशी माझे पैसे घरपोच. मी म्हणलो, बघा! चोराच्या मनात चांदणं! अन् वर संपतला म्हणलो, "बराबर होतं तुझं."

हे मी म्हणलो. ह्याच तोंडानं!

तुम्हाला सांगतो, पंधरा दिवसांनी मी रस्त्यावर टेम्पोची वाट बघून राह्यलो, तर समोरून तीच गाडी. गुरुजींची नात प्रियदर्शनी चालवतीय, मागं गुरुजी, काळा चष्मा लावून. पुढं लिंब आलं. मी म्हणलो, आता खट्... आता खट्... कुठलं खट्! गेली की वळणापार, आवाजसुद्धा कसा, भजनातल्या टाळावानी बराबर!

संध्याकाळी गेलो त्यांच्या घरी. अजून तोऱ्यातच होतो! "काय बसवलं गुरुजी गाडीत? तेवढं मला आधी सांगितलं असतं तर?" गुरुजींनी खिडकीतलं फडकं उचलून दाखवलं. पिवळं-लाल, चिकट. म्हणले, "काही न्हाई बसवलं. पुसली." मला काही कळंना. मंग त्यांनी पाण्याची प्लास्टिकची बाटली दिली. "तोंडाला घट्ट लाव, ओठ सैल न करता पी." प्यायलो. दोन घोट आले अन् बाटली चपटी, पाणी बंद! "आता ओठ सोड." सोडले, तर बाटलीत हवा गेली, फुस्सऽऽ!

फुस्सऽऽ! बबलूनं झाकण उघडलं की व्हायचं तेच!

"झाकणाला बारकं छिद्र असतं अंगद. पेट्रोल खाली जातं तेवढी हवा वरून आत जावी लागती. छिद्र बुजलं की गाडी थोडी चालती अन् गुदमरती. सातवीला शिकवलं होतं तुला." गुळानं बुजलं होतं हो! हळदीनं, कुंकवानं, उपासानं! गाडीत काही नव्हतं!

मी म्हणलो, "गुरुजी, तुम्हाला तवाच कळलं होतं. स्टँडवरच का न्हाई सांगितलं?"

म्हणले, "नंदा उभी होती ना. पोरीच्या पेपरच्या दिवशी, धा माणसांत तिला सांगायचं का, की तुझ्या पूजेनं गाडी बंद पडली? माझं काय, मी म्हातारा. मला लोकांनी लबाड म्हणलं तर म्हणलं."

मला बसताबी येईना अन् उठताबी येईना. रडलो हो मी, चाळीस वर्षांचा घोडा! ते म्हणले, "गाडी ने परत." कोणत्या तोंडानं नेऊ? म्हणलो, "न्हाई गुरुजी. ऱ्हाऊ द्या."

पण त्यांचं नाव? ते तर मीच खराब केल्तं. खरं सांगावं तर नंदा मेल्याहून मेल्यावानी होईल, न सांगावं तर गुरुजी जन्मभर लबाड. मंग काय केलं? दुसऱ्या दिवशी संपतच्या हॉटेलात, सगळी माणसं असताना, उभा राह्यलो अन् मोठ्यानं म्हणलो, "ऐका! गुरुजींची गाडी एक नंबर हाये. मीच येडा. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद ठेवून चालवायचो!"

असे हसले, असे हसले! संपतच्या हातातला गिलास फुटला. सांजच्याला जालन्यापर्यंत गेलं. आता राधेश्याम गेटवर विचारतो, "अंगदराव, आज कॉक चालू हाये का?" बबलू तर माझ्याकडं बघून कानाला हात लावतो. बावीस वर्षांत पहिल्यांदा लबाड बोललो, गुरुजींच्या त्या वाक्याला बट्टा लागला, अन् गुरुजींना कळलं तर नुसतं हसले, म्हणले, "गणितात सुधारला रे तू."

अन् नंदा? ती तर आठ दिवस बोलली न्हाई! "मी इतका गूळ, इतकं तेल, इतके उपास, अन् तुमचा कॉक बंद? देवानं तरी काय करावं हो असल्यापुढं?" मी म्हणलो, "खरं हाये तुझं." दुसरं काय म्हणू?

आता दारात गाडी न्हाई. पण शुक्रवार तर येतो ना? ती ताट घेऊन बाहेर येती, मला पाटावर बसवती, कपाळाला हळद, कुंकू, तेलाचं बोट, अन् गुळाचा खडा थेट तोंडात कोंबती. म्हणती, "घरात बंद पडणारं आता हेच एक राह्यलंय." मंग मी तसाच जातो रस्त्यावर, टेम्पोला. माणसं हसत्यात. खिशात रुमाल असतो हो... पण मी पुसत न्हाई.