लाल ठिपक्याचा नट

हॅलो?… हां ताई, बोल… नाही गं, गॅरेजमध्येच आहे. फोन बॉनेटवर ठेवलाय, हात ग्रीसचे आहेत…

हो, हो… बाबांचीच गाडी… अगं ऐक ना. पुढचे ड्रम ब्रेक काढले, डिस्क बसवल्या. चकत्या, कॅलिपर, पाइप, सगळं नवं… मागे ड्रमच ठेवलेत. उतारावर भार पुढच्याच चाकांवर येतो ना…

तेच सांगतेय. चाकं सुटेचनात. ब्रेकवरून पाय काढला तरी धरूनच बसायची. कोपऱ्यापर्यंत जाऊन आले की चकत्या हात लावू नये इतक्या तापलेल्या… चार दिवस… पॅड नीट होते गं, तीनदा काढून बसवले.

चूक माझीच. मास्टर सिलिंडरमध्ये एक चिमुकली झडप असते, ड्रमसाठी. पाय काढला तरी थोडा दाब धरून ठेवते. डिस्कला ती चालत नाही… माहीत होतं ना! पण तो सिलिंडर बाबांनी बसवलेला. शेवटचं काम त्यांचं. नटावर तो लाल ठिपका… विसरलीस? नट घट्ट बसला की आईचं नेलपॉलिश लावायचे. मग त्याला कुणी हात लावायचा नाही… हो, आणि आई बाटली शोधत घरभर…

बाकी अख्खी गाडी खोलली, त्या नटाला मात्र पाना लावेना मी.

आज सकाळी उघडला, झडप काढली… रडले थोडी. ठिपक्याचा कपचा उडाला, तो काडेपेटीत ठेवलाय… हसू नकोस… हो, मागच्या ड्रमना वेगळी झडप दिलीय.

आता? आता गाडी जॅकवर आहे. दार अर्धं उघडं, ऊन आत येऊन चाकावर पडलंय. बोटानं ढकललं की फिरतं… फिरतच राहतं… आवाज नाही काही. अर्धा तास हेच चाललंय माझं, जेवायचं राहिलं… ताई, असं वाटतं की बाबा मागे स्टुलावर बसलेत. काही बोलत नाहीयेत. बोलत नाहीत म्हणजे काम बरोबर झालंय…

हो, एकदा पाय ठेवला की थांबते. त्यांच्यासारखं तीन-तीनदा दाबायला नको.

आई काय म्हणते? येणार ना उद्या माझ्याकडे?… अजून तेच? 'त्या गाडीत बसणार नाही'?… अगं, दोन वर्षं झाली त्या उताराला. ब्रेक लागेना, बाबा पेडल मारताहेत, आई पाय रोवून बसलीय… थांबली होती ना गाडी शेवटी… मी हे सगळं कुणासाठी केलं मग?… दे तिला. दे ना.

आई… जेवलीस?… हो, झालं… हो. उघडला तो नट… रागावलीस?…

ठिपका? नाही लावला. माझ्याकडे कुठलं नेलपॉलिश… तुझ्याकडे? तीच बाटली?… अगं, वाळली असेल… गरम पाण्यात धरून बघ जरा… ताईकडे नको देऊस. तूच आण. मी न्यायला येते उद्या…

नाही, रिक्षानं कशाला? नट गाडीत आहे ना…

हो, पुढेच बस… हो आई. आधी तू ठिपका लाव. तोवर गाडी उतारावर नेणार नाही.

बरं… ठेवते… नाही, जेवते नंतर. चाक अजून फिरतंय… थांबलं की जेवते.