कोरी खुर्ची

नवरा वारल्यावर त्याचं जेट विकायला आलेली नेउझा गोइयानियाच्या हँगरमधल्या बाकावर बसली होती. शेजारी सोयाबीनवाला म्हातारा ओस्मार आणि त्याची बायको इरासी एकाच तुंब्यातून आळीपाळीने माते, म्हणजे पाल्याचा कडू चहा, पीत होते. गिऱ्हाईक हेच, हे तिला बोलण्यावरून कळलं.

"जुनं आहे इरासी, पण ठेवलंय बघ कसं! सकाळी निघालो की जेवायला पोर्तो अलेग्रेला, पोरीकडे."

"आणि रात्री?"

"रात्री आपल्या घरी!"

"ट्रकने जायचास तेव्हा आठवडाभर राहायचास, ओस्मार."

"कंबर मोडलेली असायची. उठवतच नव्हतं."

"मग छोटं विमान घेतलंस. गेल्या खेपेला पहिल्याच तुंब्याला 'आभार' म्हणून मोकळा झालास. पोरीने पाणी चुलीवरून उतरवलं."

"अगं, तुंबा परत देताना आभार म्हटलं म्हणजे आता आणखी नको, एवढंच. आपल्याकडची रीतच आहे."

"हो, पण ती नुकती बोलायला बसली होती."

"म्हणून तर हे घेतोय. सारखं जाता येईल."

"हो. सारखे आभार मानता येतील."

"तुझं आपलं काहीतरीच! आतून पाहिलंस? समोरासमोरच्या दोन खुर्च्यांतली एक पार झिजलीय, दुसरी कोरी करकरीत."

इरासीने वाद सोडून तुंबा भरला आणि शेजारच्या नेउझापुढे केला.

"घ्या बाई. तुम्हीही विमान बघायला आलात?"

नेउझाने तळ लागेपर्यंत माते ओढलं.

"नाही. ती कोरी खुर्ची माझी," ती म्हणाली, आणि आभार न मानता तुंबा परत दिला.