लिंबाशिवाय फाटलेलं दूध

हसू नका, मी तिथेच ओटीवर चहा पीत होतो. साठ-बासष्टची गोष्ट. नागावच्या आमच्या काकांचं काळीज अधू झालेलं. डॉक्टरांनी तूप-साय बंद करून फाटलेल्या दुधाचं पाणी प्यायला सांगितलं. काकू रोज दुधात लिंबू पिळायची आणि काका रोज ओरडायचे, "आंबट केलंस गो!"

त्या सकाळी लिंबू कापायच्या आधीच दूध फाटलं. काका भिंतीकडे तोंड करून निजलेले. काकूने पाणी गाळून पेला उशाशी ठेवला. ती बाहेर येते तोच आतून आवाज आला, "आज गोड आहे गो."

तेवढ्यात डॉक्टर आले. आत जाऊन नाडी बघितली, म्हणाले, "वहिनी, हे पहाटेच गेलेत."

काकूने पेला उचलून उपडा केला. थेंबही पडला नाही.

"मग हे प्यायलं कोण?"