गादीचे गुण

– तसं नाही हो साहेब, दोन इंची नाही असं कुठं म्हणतोय मी? गादीच्या दुकानात गादी नाही म्हणून कसं चालेल? बसा आधी, चहा सांगतो. एवढंच सांगा, काल नेलेली आठ इंची परत का आणलीत? कॅमेऱ्यात फुगवटा दिसतो? फरशीच्या रंगाचं कव्हर शिवून दिलं होतं की – तरी दिसतो? बरं. म्हणजे उद्या सकाळी तुमची हिरोईन पहिल्या मजल्यावरून उडी घेणार आणि खाली ही दोन इंची, पापडासारखी. हिरोईनला काय, ती कठड्यावर उभी राहून डोळे वटारणार. आमची मुलगी म्हणते, ‘‘बाबा, उडी तिची, पडणं माझं.’’ आणि वर हसते.

चूक कुणाची? माझीच. मालिकेसाठी माणसं निवडणारे तुमचे ते गृहस्थ गाद्या बघायला आले होते ना, तेव्हा मुलगी इथंच कव्हरांना चेन लावत बसलेली. बारा वर्षं कराटे शिकलीय, हे मीच कौतुकानं सांगितलं. त्यांनी सहज विचारलं, पडता येतं का हिला? आता माझी शाळा चौथीत सुटली, पुढचं शिक्षण या गल्ल्यावर – गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही. मला वाटलं, मुख्य भूमिकेचंच विचारतायत. तिनं तोंड उघडायच्या आत मी सुरू – ‘‘कशीही आपटा साहेब, दबायची नाही, आकार सोडायची नाही, वर्षानुवर्षं तक्रार नाही.’’ गादीचे गुण मुलीला लावले हो! तुम्ही हसताय, तेही असेच हसले. आणि घेतली की तिला, हिरोईनच्या जागी पडायला – चेहरा नाही, पाठ. आमची बायको टीव्हीसमोर बसून पाठ आली की म्हणते, ही आपली.

परवा म्हटलं, सोड हे. तर म्हणते, हमी तुम्हीच दिलीत ना? शेवटी तुमच्या दिग्दर्शकांना फोन लावला, ते म्हणाले, काळजी करू नका, ती एकदाच पडणार आहे. एकदाच!

ही घ्या तुमची दोन इंची. दाबा, दाबून बघा – तळहात फरशीला टेकला ना? मग दोन न्या, एकावर एक. नाही? चार इंचही दिसतं?

...बरं. उचला. दार मी धरतो. आणि हे बघा, मी गादीच्या जाडीचं काही विचारलं, हे मुलीला सांगू नका. चहा? नाही, चहाचं आता राहू द्या. निघा तुम्ही.