यादीत मितालीचं नाव

—नाही हो ताई, हलू नका, भुवईची कातडी वरून-खालून ताणून धरा — हां, अशी — दोरा मी मानेला बांधते, तोंडात धरत नाही, बोलता येत नाही मग. तर काय सांगत होते? जुळ्या असल्या तरी दोघींत फार फरक. हर्षाली म्हणजे — चौथीतली पोर, पण पाढे उलटे म्हणते, दवाखान्यात बसवली तर भिंतीवरच्या फरशांचा गुणाकार करत बसते. आणि मिताली? आहे आपली. साधी. चांगली आहे हो, नाही कशाला म्हणू — भाजी निवडते, कपड्यांच्या घड्या घालते. आमच्या जेलरोडच्या घरात अभ्यासाचं टेबल एकच मावतं, ते हर्षालीला दिलं. तिलाच लागणार ना? मिताली स्वयंपाकघरात खाली बसून करते. तक्रार नाही तिची कधी.

यंदा शाळेनं हुशार मुलांचा वेगळा गट काढला — 'प्रज्ञा गट' — परीक्षा घेऊन सव्वाशे मुलांतून पंधरा निवडायची, दर शनिवारी वरच्या मजल्यावर त्यांचा वर्ग, प्रयोग, कोडी, बुद्धिबळ, काय काय. मी तर हर्षालीचं नाव धरूनच चाललेले. मागच्या वेळी तुम्हालाही सांगितलं होतं की, तुम्ही एकलहऱ्याहून आलेल्या तेव्हा. आणि यादी लागली — तर नाव मितालीचं! हर्षालीचं नाहीच! तुम्ही काय केलं असतं? हो, पेढे आणले असते, बरोबर आहे तुमचं. मी तडक शाळेत गेले, मितालीचा हात धरून. वर्गाच्या भाग्यश्री मॅडम — त्यांना म्हटलं, मॅडम, घोळ झालाय तुमचा, ही नव्हे, दुसरी. त्या म्हणाल्या, "अहो, पहिल्या पाचांत आलीय, शाबासकी द्या तिला." म्हटलं, हिला नाही जमायचं, मी आई आहे, मला कळत नाही का? पेपर काढा, अक्षर बघा. तिच्यादेखतच म्हटलं, हो. आता वाटतं — जाऊ द्या. दुसरा डोळा मिटा.

पेपर काढले. अक्षर हर्षालीचं, वर नाव मितालीचं. दुसऱ्यावर उलटं. ठरवून केलेलं, ताई! आठ दिवस दोघी माझ्या कुशीत झोपल्या, माझ्या हातचं जेवल्या — आणि तोंडातून एक अक्षर नाही. मला! आईला! परक्या माणसानं फसवलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. मॅडमनी दोघींची नावं काढली — नियम आहे म्हणाल्या. म्हणजे मी गेलेच नसते तर — पण मला काय स्वप्न पडलं होतं?

घरी हर्षालीला धपाटा घातला. एकच. म्हटलं, का केलंस? तर शांतपणे म्हणते कशी, "मला वर नाही नेलं तरी येतंच गं. मितूचं नाव आलं, की तू तिला जवळ घेशील, असं वाटलं." नऊ वर्षांची पोर! मी काय मितालीला जवळ घेत नाही? घेते की. वाढदिवसाला दोघींना भरवते — पहिला घास हर्षालीला, ती चार मिनिटांनी मोठी ना, म्हणून. दुसरं काही नाही.

आता दोघी स्वयंपाकघरातच बसतात. टेबल रिकामं. आतून कुजबुज ऐकू येते, हसतातही — मी आत पाऊल टाकलं की गप्प. पोटच्या पोरींनी वाळीत टाकलंय मला, ताई. कुणासाठी एवढी मरमर करते मी?

काय म्हणालात? मिताली? — नाही, ती काही बोलली नाही. रस्त्यात हात तेवढा सोडवून घेतला. — नाही हो, मी कशाला विचारू? काय विचारायचं तिला?

झालं तुमचं. उठा. — पावडर राहू द्या, घरी पुसा. उठा ना ताई, गिऱ्हाईक यायचंय माझं.