रेडिओवरचा वासुदेव

पौडच्या थांब्यावर सगुणाबाई एसटीची वाट बघत बसली होती. मागं दोन अनोळखी बायकांचं बोलणं चाललं होतं.

"फुलाबाई, रेडिओम्होरं तांदूळ ठिवलंस? येडी का काय तू?"

"औंदा वासुदेव गावात आलाच न्हाई, साळूबाई. अन सकाळी चावडीतल्या रेडिओत गायला लागला. त्येच टाळ, त्योच पावा. म्या सूप घिऊन धावले."

"मग?"

"समद्या देवांची नावं घिऊन दान पावलं म्हनाला. आमच्या मालकांचं नाव काय घेतलं न्हाई."

"त्यो पुन्यात बसून गातोय. त्याला कसं ठावं असंल?"

"आपला वासुदेव दरसाल घ्यायचा की. नाव घेतल्याबिगर त्यास्नी पोचतंय व्हय?"

"मग तूच घ्यायचंस."

"नवऱ्याचं नाव म्या घिऊ? ते गेलं म्हून काय झालं?"

सगुणाबाईनं मागं वळून साळूबाईला विचारलं, "काय नाव हुतं त्यांचं?"

"हैबतराव. माले गावचं."

सगुणाबाईनं डोईवरचा पदर सारखा केला, हात जोडले आणि वासुदेवाच्याच चालीत म्हणाली,

"दान पावलं... माल्याच्या हैबतरावाला दान पावलं."