बारा फुटांचं छत

आत आल्याबरोबर तुम्हीही वर पाहिलंत ना? सगळेच पाहतात. हे बारा फुटांचं छत आमच्या बाबांचं काम.

घर बांधायच्या आधी प्लॉटवर उभं राहून आमचा तरुण इंजिनिअर मला सांगत होता, "मॅडम, दहा फूट ठेवा. सगळे तेवढंच ठेवतात, एसीनं खोली लवकर थंड होते."

मी हो म्हणणार, तेवढ्यात बाबांनी माझ्या लेकीला उचलून खांद्यावर बसवलं. "चिंगे, हात वर कर वं." तिनं केला. मग ते इंजिनिअरला म्हणाले, "हे पाह्य गा, इच्या बोटांच्या वर पंखा आन् पंख्याच्या वर छत. आता मोज."

 माझ्या लहानपणी इतवारीतल्या आमच्या टिनाच्या खोलीत पंखा इतका खाली होता, की मला खांद्यावर घ्यायचं तर बाबा गल्लीत जायचे.

इंजिनिअर हसला. "काका, पोरगी मोठी होईल. मग खांद्यावर कोण बसणार?"

"इची पोरगी बसन, इच्या खांद्यावर. मी का घर माह्यापुरतं बांधून राहिलो?"

इंजिनिअरनं नकाशावर बारा लिहिलं. चिंगीचा हात अजून वरच होता.